चटईच्या भिंती

“तिकडं भिंती नसतात, अप्पा. चटया असतात.”

भाऊ एवढंच म्हणाला आणि ओट्यावरचं बोलणं थांबलं. मी आत ताटं पुसत होते, माय भाकरी थापत होती. अप्पांनी काय विचारलं होतं ते मला ऐकू आलं नव्हतं, उत्तर तेवढं कानावर आलं. मला वाटलं, तिकडच्या घरांबद्दल चाललंय. डोंगरातली माणसं गरीब असतील, विटा कुठून आणणार, बांबू विणून भिंती करत असतील. भूगोलाच्या पुस्तकात अशा घराचं चित्र होतं. मी ताटं मांडायला घेतली.

या आठवड्यात बाजारात पोंक आला. सुरतेत थंडी आली की नाही हे कुणी अंगावरच्या शालीवरून ठरवत नाही, पोंकावरून ठरवतात. नदीच्या अंगाला शेणीच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसून बसलेले लोक, भाजलेली कणसं कापडात बांधून काठीनं बडवल्याचा धप्‌ धप्‌ आवाज, सुपातून उडणारी फोलपटं, आणि शेवटी हातावर पडणारे ते हिरवे, ऊन, दुधाळ दाणे. लिंबू-मिऱ्याची शेव घालून लोक उभ्या उभ्या खातात. माय दर वर्षी एकदा तरी म्हणते, “पोंक काय पोंक! हुरडा शे तो.” खानदेश सोडून तिला इतकी वर्षं झाली, अप्पा उधन्याच्या रेल्वे यार्डात सांधेवाले म्हणून लागले तेव्हा ती नवी नवरी होती, पण हा एक शब्द तिनं सुरतेला दिला नाही.

मी पुडा घरी आणला. कुणी फारसं खाल्लं नाही. हा दाणा गार झाला की चामट होतो.

चटयांचं ते बोलणं झालं त्या वर्षी भाऊ सुटीवर आला तोही पोंकाच्या दिवसांत. फौजेत जाऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, नायक झाला होता, आणि आसामच्या पलीकडच्या कुठल्यातरी डोंगरात होता. कुठल्या ते सांगायचं नसे. तिथं लढाई नव्हती, म्हणजे समोर दुसऱ्या देशाची फौज नव्हती. आपल्याच देशातली माणसं होती, त्यांतली काही रात्री बंदूक घेऊन जंगलात जायची आणि दिवसा शेतात असायची. “मग ओळखता कसं?” मी विचारलं होतं. तो म्हणाला, “तेच तर.”

मायनं त्याला दारातच पाहिलं आणि तिचे डोळे भरले. “कितला वाळी गया रे भाऊ,” एवढं म्हणून ती चुलीकडे वळली. तो वाळला नव्हता खरं तर. खांदे रुंद झाले होते. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी कमी झालं होतं हे आम्हा तिघांनाही दिसलं आणि आम्ही तिघंही त्याला वाळणं म्हणालो.

त्याच्या ट्रंकेत सायक्लोस्टाइल केलेले कागद होते, इंग्रजीतले. पुढच्या कोर्ससाठी हत्यारांची माहिती पाठ करायची होती. आणखीही एक होतं. सुटी संपवून परत गेल्यावर एक मोठे साहेब त्यांच्याकडे येणार होते. असल्या कामाला, म्हणजे जंगलात नि वस्त्यांत माणसं शोधायच्या कामाला, कुठली बंदूक बरी आणि कुठली गोळी बरी, हे ते गस्तीवर जाणाऱ्यांनाच विचारणार होते. सुभेदारांनी भाऊला सांगून ठेवलं होतं, विचार करून ये, तू बोलायचंस. त्याला त्याचा अभिमान वाटला असावा. निदान अप्पांना वाटला. यार्डातल्या सगळ्यांना त्यांनी सांगितलं, की आता सरकार माझ्या पोराला विचारून बंदुका घेणार.

घरात इंग्रजी येणारी मी एकटी. रेल्वेच्या साहेबांच्या मुलांची जी शाळा होती तिथं अप्पांनी मला हट्टानं घातलं होतं. तिथं मी कुणाशी बोलत नसे. गल्लीत गुजराती, घरात मायची अहिराणी, मराठी पाहुणे आले की. त्यामुळे इंग्रजी वाक्य मला कळायचं, पण त्याची मराठी करायची म्हटलं की हाताशी शब्द नसत. त्या दुपारी ओट्यावर उन्हाला बसून भाऊनं पहिला कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की ही रायफल तीनशे यार्डांपर्यंत ‘इफेक्टिव्ह’ आहे. मी अडले. तो शब्द मी मराठीत फक्त मायच्या खोकल्याच्या बाटलीवर वाचला होता. तिथून तो उचलला आणि मोठ्यानं म्हटलं, “ही रायफल तीनशे यार्डांपर्यंत गुणकारी आहे.”

भाऊ हसला. आल्यापासून पहिल्यांदा हसला.

“घ्यायची कशी मग? जेवणाआधी की जेवणानंतर?”

“मला नाही येत तर तूच वाच.”

“नाही नाही, बेबी, बरोबर आहे. औषधच आहे ते. पुढं वाच.”

पुढं व्यास होता. सात दशांश सहा दोन मिलिमीटर. कॅलिबर म्हणजे व्यास हे मला भूमितीमुळे चटकन सांगता आलं आणि मी खूश झाले. शेंगदाण्याहूनही बारीक वाटणारी ती जाडी मी बोटांच्या चिमटीत धरून पाहिली. भाऊ बघत होता. मग त्यानं कागद बाजूला ठेवला आणि आपल्या भाषेत सांगायला लागला. मला नाही, अप्पांना. पण मी तिथंच होते.

जुनी थ्री नॉट थ्री, तिची खिट्टी दर गोळीला हातानं मागं ओढावी लागायची. आता आली ती एसएलआर, आपली आपण भरते. भरवशाची. चिखलात पडली तरी चालते. पण लांब, आणि भरली की दुधाच्या भरल्या किटलीएवढी जड. बांबूच्या रानात नळी अडकते. गोळ्याही जड, म्हणून कमी नेता येतात. “आणि अप्पा, ती बंदूक आहे त्या सिग्नलपर्यंत मारायची. रानात माणूस दिसतो आपल्या नळापर्यंत. तोही अर्धा.”

“स्लीपर फोडेल का रे?” अप्पांनी विचारलं. लाकडी स्लीपर हे त्यांच्या जगातलं सगळ्यात टणक लाकूड.

“फोडेल.”

“वा!”

भाऊनं मान खाली घातली. दुसरी होती कारबाईन. आखूड, हलकी, वाटेत कुठं अडकत नाही. तिची गोळी लहान पल्ल्याची, पिस्तुलाच्या जातीची. स्लीपरमध्ये रुतून बसेल. त्याचा एक दोस्त होता, नाशिककडचा, त्यांच्या तुकडीत सगळ्यात पुढं चालायचा. पुढं चालणाऱ्याला आखूड बंदूक बरी म्हणून त्याच्याकडे कारबाईन होती. पायवाटेच्या वळणावर एक माणूस समोर आला. दोस्तानं आधी मारलं. लागल्या, दोन लागल्या. तरी तो माणूस पडला नाही, उभ्या उभ्या त्यानं आपली बंदूक रिकामी केली.

“गुण आला नाही,” भाऊ म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, पण हसून नाही.

त्या दिवसापासून तुकडीतल्या एकानंही कारबाईन हातात धरली नव्हती. सगळ्यांचं मत ठरलेलं होतं. मोठी गोळी पाहिजे. साहेब आले की नायकानं हेच सांगायचं, सगळ्यांच्या वतीनं, आणि गेलेल्या दोस्ताच्याही.

“मग सोपं आहे,” अप्पा म्हणाले.

“हो,” भाऊ म्हणाला.

त्या थंडीतल्या संध्याकाळी मला नीट आठवतात. यार्डातून येणारा कोळशाचा वास, इंजिनांचे सुस्कारे, चुलीपुढे मायचा लाल झालेला गाल. रविवारी आम्ही बुद्धाच्या तसबिरीपुढे बसून वंदना म्हणायचो. अप्पा सांगायचे आणि आम्ही मागून म्हणायचो. पंचशीलातलं पहिलं शील प्राण्याची हत्या न करण्याचं आहे. लहानपणापासून मी ते पाली शब्द शाळेतल्या कवितेसारखे म्हणत आले होते, अर्थाकडे लक्ष न देता. त्या रविवारी भाऊचा आवाज पहिल्या शीलाला आला नाही. दुसऱ्यापासून आला. चोरी न करण्यापासून पुढं तो खणखणीत म्हणत गेला. अप्पांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी ऐकलंच नसेल असंही असेल.

मग भाऊ आणि मी बारडोलीला गेलो, मावशीला भेटायला. मावशी आणि तिचं घर दर वर्षी थंडीत खानदेशातून उसाच्या तोडणीला येत. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना मी हे कधी सांगितलं नव्हतं. उधन्याहून गाडी, मग कालव्याच्या कडेनं चालत. मळीचा आंबूस-गोड वास हवेत इतका दाट होता की ओठ चाटले तर लागेल. उसाच्या गाड्या चाकांनी कण्हत चालल्या होत्या. भाऊ साध्या कपड्यांत होता, पण कालव्यावरून चालताना दोन्हीकडच्या उसात बघत चालला होता, एकदा इकडे, एकदा तिकडे. मी म्हटलं, “काय शोधतोस?” तो म्हणाला, “काही नाही. ऊस उंच झालाय.”

तोडणीवाल्यांच्या कोप्या शेताच्या कडेला ओळीनं होत्या. चार बांबू, वर पाचट, आणि बाजूंना चटया बांधलेल्या. एका कोपीची भिंत तीच दुसरीची भिंत. भाऊ दारात उभा राहिला.

“आठे बस ना भाऊ, तठे कसाले उभा?” मावशी म्हणाली.

तो आत आला नाही. बाहेरचं ऊन चटईच्या विणीतून ठिपक्या-ठिपक्यांनी आत पडत होतं, मावशीच्या लुगड्यावर, पितळेच्या तांब्यावर. तो पुढं झाला आणि त्यानं चटईला हात लावला, तळहात पूर्ण टेकवून, जसा आपण तापलेल्याच्या कपाळाला लावतो. पलीकडून कुणीतरी खोकलं. चटई किंचित हलली.

“पलीकडं कोण राहतं, मावशी?”

“कोण ऱ्हाई? मनी सून शे. बाळंतीण शे.”

त्यानं हात काढून घेतला. मावशीनं उसाचे करवे सोलून दिले, ते आम्ही बाहेर बसून खाल्ले. तिनं खूप गप्पा मारल्या, भाऊच्या लग्नाचा विषय काढला, पलटणीत बायको नेता येते का विचारलं. “नेता येत असेल तर गोरी बघू, नाही तर काळी चालेल, आमच्यातच राहील,” असं म्हणून स्वतःच हसत सुटली. भाऊनं हो-नाही केलं. निघताना त्यानं सुनेच्या कोपीबाहेर उभं राहून बाळ बघायला मागितलं. आतून एक हडकुळा हात चटई बाजूला सारून बाहेर आला आणि फडक्यात गुंडाळलेलं बाळ पुढं केलं. भाऊनं ते घेतलं नाही. नुसतं बघितलं आणि बाळाच्या मुठीत एक रुपया ठेवला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तो बोलला. मला सांगितलं, अप्पांना नाही. कदाचित मी काही विचारणार नाही हे त्याला ठाऊक होतं म्हणून. दोस्त गेल्यानंतरच्या आठवड्यात ते एका वस्तीत शिरले होते. दोन घरांच्या मधून एक बंदूकवाला पळाला. भाऊनं एसएलआरनं मारला. एकच गोळी, आणि तो जागीच पडला. गुण आला. पण गोळी तिथं थांबली नाही. एक चटई, मग दुसरी चटई. तिसऱ्या घरात एक बाई तांदूळ निवडत बसली होती.

“सूप तसंच मांडीवर होतं,” तो म्हणाला. “सांडलंही नव्हतं.”

गाडी एका छोट्या स्टेशनात थांबली आणि निघाली. मी माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“साहेबांना इंग्रजीत सांगितलं तर ते नीट ऐकतात,” तो थोड्या वेळानं म्हणाला. “भिंतीपलीकडे माणूस असतं, हे कसं सांगायचं?”

मी शाळेतली हुशारी दाखवत एक लांबलचक वाक्य केलं, त्यात गोळीच्या वेगाचं आणि भेदण्याच्या शक्तीचं सगळं बसवलं. त्यानं ते ऐकून घेतलं. “एवढं नाही गं. मायला सांगितल्यासारखं सांग.” मग मी म्हटलं, “सर, देअर इज समबडी बिहाइंड द वॉल.” तो ते म्हणत राहिला. ‘बिहाइंड’चं त्याच्या तोंडी ‘बिहांड’ व्हायचं. मी सुधारायची, तो परत चुकायचा, आणि आम्ही दोघं हसलोही. समोरच्या बाकावरच्या बाईला वाटलं असेल, कुणी इंग्रजी परीक्षेची तयारी करतंय. उधना येईपर्यंत त्याला ते जमलं होतं.

“पण तुकडी काय म्हणेल?” मी विचारलं. त्या थंडीत मी आपणहून विचारलेला तो एकच मोठा प्रश्न.

“म्हणेल, दोस्ताला विसरला.”

तो परत गेला तो त्याच लाईननं, जळगावकडून पुढं. मायनं भाकरी, ठेचा आणि हुरड्याचं एक गाठोडं दिलं. पोचेपर्यंत ते दगड झालं असणार. पुढचा पोंक आला तेव्हा तो नव्हता.

त्याची ट्रंक घेऊन तुकडीतला एक जवान आला, साताऱ्याकडचा. अप्पांसमोर तो ताठ बसला आणि शौर्याबद्दल बोलला. अप्पांनी एकच विचारलं, हातात काय होतं त्याच्या? जवान म्हणाला, कारबाईन. अप्पांनी ट्रंक पायाशी ओढून घेतली. मग म्हणाले, “खेळणं. सरकारनं माझ्या पोराच्या हातात खेळणं दिलं.” जवानानं तोंड उघडलं आणि मिटलं.

मी त्याला पाणी द्यायला गेले तेव्हा ओट्यावर तो माझ्याशी बोलला. “तुम्ही बेबीताई ना? साहेब आले तेव्हा नायक उभे राहून इंग्रजीत बोलले, ताई. एकच वाक्य. आम्हाला कळलं नाही, पण साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग हिंदीत म्हणाले, तुझं खरं असेल, पण बाकीच्यांना लहान गोळी घ्या असं मी सांगू शकत नाही, त्यांचा जीव आहे. तेव्हापासून वस्तीत शिरायचं झालं की नायक आपली रायफल दुसऱ्याकडे द्यायचे आणि कारबाईन मागून घ्यायचे. पोरं चिडायची. आम्ही लई सांगितलं.” त्यानं पेला खाली ठेवला. “त्या दिवशी समोर आला त्या माणसाला लागली होती नायकांची गोळी. लागली होती, ताई. पण…”

पुढं त्याला सांगावं लागलं नाही. गुण आला नाही. तो शब्द माझाच होता.

कॉलेजात गेल्यावर ग्रंथालयात मी इंग्रजी मासिकं शोधून वाचायची. परदेशांतही तेव्हा हाच वाद चालू होता. जंगलातल्या लढाईला मोठी गोळी की लहान? जड की हलकी, जास्त न्यायची की खोल जाणारी न्यायची? फार हुशार माणसं फार स्वच्छ भाषेत लिहायची. मी ते लेख शेवटपर्यंत वाचायची, एखादं उत्तर असेल म्हणून. अशी एखादी जाडी असेल, असा एखादा वेग, की जी समोरच्याला थांबवेल आणि स्वतःही तिथंच थांबेल. त्या लेखांतला माणूस नेहमी मोकळ्या जागी एकटा उभा असायचा. त्याच्या मागं कुणी तांदूळ निवडत नसायचं. मी मासिक मिटून जागेवर ठेवायची, आणि ग्रंथपाल बाई म्हणायच्या, “तने आमां शुं रस पडे छे?” यात तुला कसली गोडी? मी हसायची आणि निघायची.

तुकडीतल्या पोरांचं चूक होतं असंही मला म्हणता येत नाही. ते जगायला बघत होते. त्यांतले काही जगले, मोठ्या गोळीमुळेच जगले असतील. साताऱ्याचा तो जवानही त्यांतलाच. आणि तांदूळ निवडणाऱ्या त्या बाईच्या घरी काय म्हणतात, तिथं थंडीत कोणतं पीक कोवळं असतं, तिचं नाव घेताना त्यांची माय चुलीकडे वळते का, हे कोण सांगणार?

अप्पा आता निवृत्त झालेत. सकाळी ते उठतात ते त्या रागावर उठतात. चहा, वर्तमानपत्र, आणि सरकार. मला ते बरं वाटत आलंय. दुःखापेक्षा रागाला हात-पाय असतात, तो माणसाला ओट्यापर्यंत तरी आणतो. तो काढून घेतला तर अप्पांकडे काय उरेल याचा मी पुष्कळ विचार केला आणि दर वेळी आत निघून गेले. माय ऐकते आणि काम करते. तिनं बंदुकीबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही.

काल संध्याकाळी शेजारचे ठाकोरकाका ओट्यावर आले होते. मी आणलेल्या पोंकाची बशी दोघांच्या मध्ये होती. अप्पांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, खेळण्यापर्यंत. ठाकोरकाका फार भले गृहस्थ आहेत. त्यांनी मान हलवली, दोन दाणे तोंडात टाकले आणि मायेनं म्हणाले, “बिचारो भोळो हतो. जे आप्युं ते लई लीधुं.” भोळा होता बिचारा, दिलं ते घेतलं.

“हो ना,” अप्पा म्हणाले. “त्याला काय कळत होतं.”

मी दारात होते. चौकटीला धरून उभी होते, जशी नेहमी असते. अप्पांनी आजवर सरकारला नावं ठेवली होती, भाऊला कधी ठेवली नव्हती. आता तेही त्याला भोळा म्हणत होते, आणि दोघं मिळून त्याची कीव करत होते. परक्या माणसासमोर मी कधी बोलत नाही, ठाकोरकाकांनी माझा आवाज नीट ऐकलाही नसेल. मी पुढं होऊन अप्पांच्या समोर बसले. ते दचकून माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, “अप्पा, ती सरकारनं दिली नव्हती. भाऊनं मागून घेतली होती.”